उष्टावण

ज्या विहिरीपायी गहिनीनाथाच्या बरगड्या मोडल्या, त्या विहिरीत तेव्हा घागर बुडेल एवढंसुद्धा पाणी नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं की बागायतीचं भांडण असेल, उसाला पाणी कमी पडलं असेल. कसला ऊस आणि कसलं काय. बहात्तर सालचा मार्गशीर्ष चालला होता. पावसानं पाठ फिरवलेली, मिरजगावच्या अलीकडच्या त्या वस्तीवरची झाडून सगळी माणसं सरकारी कामावर खडी फोडून तिथं मिळणारं सुकडीचं पीठ खात होती, आणि विहिरीच्या तळाचा गढूळ ओलावा कुणाच्या बैलानं आधी चाटायचा यावरून दोन घरं एकमेकांच्या उरावर बसली होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे दोघांनाही कळत होतं. पण भांडणाला पाणी लागत नाही.

दोन घरं म्हणजे काही परकी नव्हेत. गहिनीनाथाची बायको राहीबाई, तिचं माहेर विहिरीच्या पलीकडच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर. तिचा भाऊ आणि भावजय वारली तेव्हा मागं दोन लेकरं राहिली, राधाकृष्ण आणि साळू. राहीबाईनं साळूला आपल्या बन्सीसाठी सून करून आणली. आत्या होती ती सासू झाली, आणि सासर-माहेराच्या मध्ये फक्त ती सामाईक विहीर उरली. साळू अंगणात उभी राहिली की एका डोळ्यानं सासरची चूल दिसायची आणि दुसऱ्यानं माहेरची. लोक म्हणायचे, नशीब काढलं पोरीनं. लोकांचं म्हणायला काय जातं.

त्या सकाळी राधाकृष्ण पहार घेऊन विहिरीच्या तळाचा गाळ उकरून वर आला, आणि बन्सी बैल घेऊन काठावर उभा.

"आजची पाळी माजी हाय," बन्सी म्हणाला.

"गाळ म्या काढायचा आन् पाळी तुजी? लई शाना हाईस."

शब्दानं शब्द वाढला. मग एकमेकांच्या आया निघाल्या. दोघं एका पानात जेवून वाढलेले, आधी मामे-आतेभाऊ आणि मग मेहुणे, पण शिव्या देताना नातं कोण बघतो. बन्सीनं दगड भिरकावला तो राधाकृष्णाच्या कपाळावर बसला. डोळ्यांत रक्त उतरलं, समोरचं दिसेना, आणि तशा आंधळ्या रागात त्यानं हातातली पहार फिरवली. ती बन्सीसाठी होती. पण गहिनीनाथ "आरं पोरांनो" म्हणत मध्ये शिरला होता, आणि पहार बसली ती त्याच्या उजव्या कुशीत. पाच महिन्यांचं पोर कडेवर घेऊन साळू पाच हातांवर उभी होती. बरगड्या मोडल्याचा आवाज तिनं ऐकला. पुढे कितीतरी दिवस ती चुलीत काटकी न मोडता अख्खीच सरकवायची. म्हातारा कठड्यावर आपटला, डोकं फुटलं, पांढरा पटका बघता बघता लाल झाला. बन्सी राधाकृष्णाच्या छातीवर बसून त्याचं तोंड दगडानं ठेचत होता. वस्तीवरच्या माणसांनी ओढून काढला नसता तर तिथंच एकाचा निकाल लागला असता.

पोलीस आले, राधाकृष्णाला घेऊन गेले, आठवड्याभरात तो जामिनावर सुटून परत आला. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, घरात एकटाच. बन्सीनं विहिरीच्या काठावर उभं राहून अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं सांगितलं, "आबा जगला तर कोर्ट बघून घील. आबा मेला तर मेहुना ऱ्हात न्हाई." आणि तो नुसता बोलून थांबणारा माणूस नव्हता. रोज संध्याकाळी अंगणात बसून तो कोयत्याला धार लावायचा, आणि तो आवाज विहिरीपलीकडच्या घरात ऐकू जाईल अशा बेतानं लावायचा. साळू आत भाकरी थापत ऐकायची. सासऱ्याच्या जिवाला भावाचा जीव बांधलेला होता, आणि दोघंही तिचीच माणसं होती. ती देवाला काय मागणार? ती एवढंच मागायची की मामंजी आपल्या पायांनी घरी यावेत.

आणि मामंजी येण्याच्या बेतात होते, हीच तर यातली गंमत. नगरच्या दवाखान्यात त्यांना खाट मिळाली होती. डोक्याची जखम सुकली, टाके निघाले. जन्मभर बिडी ओढलेली छाती, म्हणून रात्री जरा घरघरायची, पण ती घरघर जुनीच होती. शामकांत नावाचे डॉक्टर रोज येऊन पाठीला नळी लावून ऐकायचे. हे डॉक्टर मोठे तोंडाळ, पण हाताला गुण होता. "बाबा, तुमच्या फासळ्या तुमच्यापेक्षा तरण्या आहेत," ते म्हणाले. "संक्रांत झाली की पळा घरी. आणि ती बिडी तेवढी विहिरीत टाका."

"हिरीत नगं सायेब," गहिनीनाथ म्हणाला, "तिच्यापायी परत भांडान हुईल."

खाटेवर पडल्या पडल्या म्हाताऱ्याचा राग ओसरला होता. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला बांध, पाळी, विहीर यांचं फारसं काही वाटेनासं होतं. त्याला एकच ध्यास लागला होता, नातवाचा. कानिफनाथाला सहावा महिना सरत आला होता आणि त्याचं उष्टावण व्हायचं राहिलं होतं. आता उष्टावण म्हणजे पोराच्या तोंडात अन्नाचा पहिला घास. तो मामाच्या मांडीवर बसून मामाच्या हातनं घ्यायचा, ही आपली रीत. आणि मामा तर बापाच्या कोयत्याच्या टापूत बसलेला. पोराला घास भरवायला बोलावलं असतं तर मामाचाच घास झाला असता.

"मामाला जमत न्हाई तर माज्या मांडीवर करा," गहिनीनाथानं राहीबाईला सांगितलं. "हितंच घिऊन या पोराला. सम्दी या. बन्सीलाबी आना. मला त्याच्याशी बोलायचं हाय."

राहीबाई लगेच तयार झाली. साळूचा पाय मात्र अडखळला, कारण पोराला पडसं झालं होतं. खडीच्या कामावर तान्ह्या पोरांना एका लिंबाखाली घोंगडीवर टाकत, आणि दगड फोडायचं वय सरलेली कडूबाई त्यांना राखी. ती सगळ्यांची नाकं एकाच पदरानं पुसायची. एकाला झालं की आठ दिवसांत घोंगडीभर शेंबूड. कानिफनाथाचं नाक वाहत होतं, खोकताना बारकीशी शिट्टी वाजायची, पण दूध ओढत होता, हसत होता. "पडसं कुनाच्या पोराला हुत न्हाई?" आत्या म्हणाली. "नातवाचा शेंबूड का आज्याला बाधतो?" साळूलाही वाटलं, खरंच आहे.

दवाखान्यात वॉर्डाच्या दारात सिस्टरनं हात आडवा लावला. "लहान मूल आत न्यायचं नाही. आजारी माणसं आहेत." राहीबाईनं हुज्जत घातली, सिस्टरनं ऐकलं नाही. मग ती बाई दुसरीकडे वळली आणि तेवढ्यात राहीबाईनं साळूच्या कडेवरनं पोर उचललं, पदराखाली झाकलं आणि पोट दुखणाऱ्या बाईसारखी वाकून सरळ आत गेली. आत गेल्यावर स्वतःच्याच हुशारीवर तोंडाला पदर लावून हसली. बन्सी आधीच बापाच्या खाटेशी जाऊन उभा होता.

खीर सुकडीची होती. दुष्काळात दुसरं काय मिळणार? भाजलेलं पीठ शेळीच्या दुधात कालवून वर गुळाचा खडा टाकलेला. गहिनीनाथानं पोराला मांडीवर घेतलं, बोट खिरीत बुडवलं आणि पोराच्या ओठांना लावलं. पोरानं आधी तोंड वाकडं केलं, मग बोटच चोखायला लागलं. वॉर्डातली माणसं उशांवर टेकून बघत होती. शेजारच्या खाटेवर श्रीगोंद्याकडचा एक अंडवृद्धीचं ऑपरेशन झालेला म्हातारा होता, त्यानंही आशीर्वाद म्हणून पोराच्या गालाला हात लावून बोटं स्वतःच्या ओठांना टेकवली. पोराचे चार घास झाल्यावर वाटीत उरलेली उष्टी खीर गहिनीनाथानं त्याच बोटानं चाटूनपुसून खाल्ली. नातवाचं उष्टं खाल्लं की आयुष्य वाढतं, असं म्हणतात. तेवढ्यात पोराला शिंक आली ती थेट आज्याच्या तोंडावर. सगळे हसले. साळूला त्या विहिरीच्या दिवसानंतर पहिल्यांदा हसू आलं.

म्हाताऱ्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि बन्सीला जवळ बोलावलं.

"ह्याच्या डोक्यावर हात ठिव. आन् मला सांग, राधूला हात लावनार न्हाई."

बन्सी खाटेशी सरकला. मानेवरची शीर उडत होती. मग त्यानं पोराच्या टाळूवर हात ठेवला आणि म्हणाला, "आबा, तुमी तुमच्या पायानं घरी आला तर कोयता आढ्याला टांगतो. राधूला हात लावनार न्हाई. पन न्हाई आला, तर मंग मला कुनी आडवायचं न्हाई."

"येतो की रं," गहिनीनाथ हसला. "येऊन राधूच्या घरी तीळगूळ खातो. उष्टावनाला मामा न्हवता, जावळाला तरी पायजे. जावळ राधूच्याच मांडीवर. मामाचा मान मामाला."

घरी जाताना साळू एस्टीत खिडकीशी बसली होती आणि पोर मांडीवर झोपलं होतं. तिच्या मनात आलं, आता मिटलं.

चार-पाच दिवसांनी म्हाताऱ्याचं नाक गळायला लागलं. मग घसा बसला. मग खोकला खाली उतरला आणि जुनी घरघर वेगळ्याच सुरात वाजायला लागली, पोराच्या छातीत वाजत होती तशीच बारीक शिट्टी, फक्त मोठ्या पिंजऱ्यात. साळू पाळीनं दवाखान्यात थांबली होती, तिनं ती शिट्टी ओळखली. ओळखली आणि मामंजींची छाती चोळत राहिली. ताप चढला. बोलताना दोन शब्दांमध्ये श्वास घ्यावा लागे. नखं जांभळी पडली. डॉक्टर शामकांत दिवसातून तीनदा येऊन गेले, पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली, ऑक्सिजनचं उंच नळकांडं खाटेशेजारी आलं. शेजारचा श्रीगोंदेकर खोकायला लागला होता. सिस्टर नाकाला रुमाल लावून फिरत होती.

"यांच्याजवळ पडसं झालेलं लहान मूल कुणी आणलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

साळूनं तोंड उघडलं. राहीबाईनं तिचा दंड असा धरला की नखं रुतली.

"न्हाई सायेब," राहीबाई म्हणाली.

डॉक्टर गेल्यावर तिनं साळूला व्हरांड्यात ओढत नेलं. "तोंड मिटून ऱ्हा. काय कमीजास्त झालं तर लोकं म्हनतील, पोरानं आजा खाल्ला. जल्माचा शिक्का बसंल लेकराला. लगीन हुनार न्हाई त्याचं. बन्सी त्याला घरात ठिवायचा न्हाई." ती वाईट बाई नव्हती. तिचा नवरा आत मरत होता आणि तिला नातू राखायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बन्सी आला तेव्हा बापाच्या छातीचा भाता जोरजोरात चालला होता आणि डोळे छताला लागले होते. "डाक्टर कुटं हाय?" तो ओरडला. डॉक्टर धावत आले. त्यांनी नळी लावली, सुई टोचली, छाती दाबली. थोड्या वेळानं नळी कानातनं काढली आणि म्हणाले, "छातीनं दगा दिला. आम्ही सगळं केलं."

बन्सीनं एवढंच ऐकलं. छाती. पहार छातीवर बसली, माणूस छातीनं मेला. शाळेत न गेलेल्या माणसालासुद्धा समजावं इतका सरळ हिशोब. त्यानं सलाईनचा स्टँड उचलून खाटेच्या लोखंडावर आपटला, बाटली फुटून काचा वॉर्डभर उडाल्या. डॉक्टरांची कॉलर धरून त्यांना भिंतीवर दाबलं. "बरा झाला म्हनत हुता ना? घरी सोडतो म्हनत हुता ना?" वॉर्डबॉय आडवा आला त्याच्या नाकावर डोकं मारलं, त्याचं नाक फुटलं. शिरा ताणलेल्या हातांनी तो डॉक्टरांचा गळा आवळत होता आणि दोघातिघांनी ओढूनही हात सुटत नव्हते. मग एकाएकी सोडून दिला. बापाकडे एकदा बघितलं. साळूकडे बघितलं, ते तिच्या नवऱ्याचे डोळे नव्हते. आणि तो जिन्यावरून खाली गेला. वस्तीवरचा एकजण फटफटी घेऊन आला होता, तिच्यावर बसला. साळू धावत खाली पोचली तेव्हा नुसता धूर उरला होता.

मारामारीची केस, त्यामुळे चिरफाड झाल्याशिवाय मुडदा मिळणार नव्हता. दोघी बायका व्हरांड्यात बसून राहिल्या. वस्तीवरून कुणीतरी अंगावर पिणारं पोर साळूकडे आणून दिलं होतं. उन्हं कलल्यावर डॉक्टर शामकांत आले. गळ्यावर बोटांचे वळ उठले होते. ते राहीबाईसमोर खाली उकिडवे बसले, जे मोठे डॉक्टर सहसा करत नाहीत.

"आजी, मी स्वतः उघडून बघितलं. फासळ्या जुळल्या होत्या. फुप्फुसाला कुठं टोचल्याची खूण नाही. पहारीनं नाही गेले ते. मी तसं लिहून देतो." त्यांनी साळूच्या मांडीवरच्या पोराकडे बघितलं. नाकाखाली वाळलेली पांढरी रेघ होती. "थंडीत पोरांना एक पडसं होतं, त्याचा विषाणू असतो. इंग्रजीत त्याला लांबलचक नाव आहे. इथं ते तपासायची सोय नाही, पण मला दुसरं काही वाटत नाही. पोराच्या नाकात असतो तोवर तो शेंबूड. सिस्टरला नुसत्या शिंका आल्या. शेजारचे बाबा खोकतायत, पण निभावतील. बिडीनं पोखरलेल्या म्हाताऱ्या छातीत उतरला की पेनिसिलिनलाही ऐकत नाही. लोकांना वाटतं, लहानांचा आजार मोठ्यांना काय करणार. कित्येक डॉक्टरांनाही तसंच वाटतं."

ते उठले. "बाळाला पाजत राहा. त्याची काही चूक नाही," एवढं म्हणून निघून गेले.

टेम्पोत मध्ये गहिनीनाथ पांढऱ्या कापडात, एका बाजूला राहीबाई, दुसऱ्या बाजूला साळू. सोलापूर रस्त्याचे खड्डे लागले की मुडदा हलायचा आणि राहीबाई त्याच्या खांद्यावर हात ठेवायची, जिवंत माणसाला सावरावं तसं.

"आत्या," साळू म्हणाली, "राधू कामावनं दिस मावळायला घरी येतो. हे त्याच्या अंगनात बसलं असतील."

राहीबाईनं मुडद्यावरचं कापड सरळ केलं.

"तुजा भाचा हाय त्यो. तुज्या भावाचा एकुलता एक. आमचा बा वारला तवा तुज्याच वटीत घातला हुता ना?"

"आन् ह्यो माजा नातू हाय," राहीबाई म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

साळूनं पोराला पदराखाली घेतलं. तिच्या एका हाताला भाऊ होता, दुसऱ्या हाताला लेक, आणि ज्याचं नाव घ्यावं तो वाचणार आणि दुसरा बुडणार. टेम्पो अर्ध्या वाटेवर गेला तोवर ती रडली. नंतर रडली नाही.

टेम्पो वस्तीवर शिरला तेव्हा राधाकृष्ण खडीचा हातोडा खांद्यावर टाकून आपल्या अंगणात पाऊल टाकत होता. बन्सी त्याच्या दाराच्या उंबऱ्यावर बसलेला. तो उठला आणि कोयता घेऊन चालून गेला. राधाकृष्णानं बघितलं, हातोडा उगारायला वेळ नव्हता, त्यानं डावा हात आडवा घातला. कोयता त्या हातावर उतरला. दोन बोटं मातीत पडली आणि राधाकृष्ण गुडघ्यावर आला. त्याच्या मनगटावरून रक्ताची धार उडत होती आणि तो ओरडतही नव्हता, नुसता आपल्या हाताकडे बघत होता. बन्सीनं दुसरा घाव मानेसाठी उगारला.

साळू चालत्या टेम्पोतून उतरली होती. तिनं मागून नवऱ्याचा हात धरला. त्यानं कोपर मागं मारलं ते तिच्या तोंडावर बसलं, ओठ फाटला, दात हलला. ती पडली नाही. तिनं पदराखालचं पोर काढलं आणि दोघांच्या मध्ये, त्या रक्ताच्या चिखलात, खाली ठेवलं.

"हाना," ती म्हणाली. "मामंजींना राधूनं न्हाई मारलं. ह्यानं मारलं. डाक्टरनं चिरून बघितलं, फासळ्या जुळल्या हुत्या. उष्टावनाला ह्याला पडसं हुतं, ते मामंजींच्या छातीत उतरलं. आबाचा जीव ज्यानं घेतला त्याला हाना, तुमचं वचन हाय."

पोर थंड मातीला लागून रडायला लागलं. बन्सीचा हात वरच होता.

"भावाला वाचवाया खोटं बोलती," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "शेंबडानं मानूस मरतो व्हय? सर बाजूला."

आणि तो वळला. राधाकृष्णाचे केस त्यानं मुठीत धरले. वस्तीवरची माणसं जमली होती, पण धारेच्या कोयत्याजवळ कुणी येत नव्हतं. साळूला कळलं की आपलं माणूस आपल्याला खरं मानत नाही, आणि आता हातात काही उरलं नाही. ती टेम्पोकडे वळून नुसती आत्याकडे बघत राहिली.

राहीबाई नवऱ्याच्या मुडद्यापाशी बसलेली होती. ती उठली. टेम्पोच्या फळकुटाला धरून खाली उतरली, सावकाश चालत आली, आणि भाच्याच्या आणि लेकाच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"साळी खरं बोलती," ती म्हणाली. "पन पोराचं नाव घिऊ नगा कुनी. सिस्टरनं दारात हात आडवा लावला हुता. म्या पदराखाली झाकून आत नेलं. खीर म्या केली. डाक्टरनं इचारलं तवा म्या न्हाई म्हनलं. तुज्या आबाला म्या मारलं, बन्सी. कुंकू माजं म्याच पुसलं." तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि मान वाकवली. "हान हितं. मंग राधूला हान."

बन्सी आईच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिला. मग त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला, आणि तो वळून राधाकृष्णाच्या दाराच्या चौकटीवर कोयत्याचे घाव घालायला लागला. एकावर एक घालत राहिला, ढलप्या उडत होत्या, आणि प्रत्येक घावाला तो "आबा" म्हणत होता. मूठ तुटली तेव्हा थांबला. त्यानंच डोक्याचा पटका सोडून राधाकृष्णाच्या हाताला आवळला, आणि बापाला उतरवून घेऊन, तो ज्या टेम्पोत आला होता त्यातच राधाकृष्णाला घालून माणसांना मिरजगावकडे पिटाळलं. मग बापाला खांदा द्यायला गेला.

दोघांवरही कोर्टात केस चालू झाली. तारखेला दोघं एकाच एस्टीनं नगरला जायचे, एक पुढच्या बाकावर, एक मागच्या. साळूचा दात पडला. राहीबाईनं सगळं आपल्या अंगावर घेतलं तरी लोकांची जीभ कुणाला आवरली आहे. वस्तीवर कुणीतरी पोराला आजाखाऊ म्हणालं, बन्सीनं त्याला खडीच्या ढिगावर पालथा घालून तुडवला. पण स्वतः मात्र त्यानं लेकराला हात लावला नाही. पोर रांगत जवळ आलं की उठून जायचा. साळू बघायची आणि पदराचं टोक चावायची. माहेरचा जीव वाचला होता, आणि त्याची किंमत रोज तिच्या डोळ्यांसमोर रांगत होती.

चैत्रात जावळ काढलं, राधाकृष्णाच्याच अंगणात, कारण तशी म्हाताऱ्याची शेवटची इच्छा होती आणि ती मोडायची कुणाची हिंमत नव्हती. न्हावी आला. राधाकृष्ण पाटावर बसला आणि भाच्याला मांडीवर घेतलं. बन्सी लांब, त्या घाव पडलेल्या चौकटीला टेकून, पाठ करून उभा. वस्तरा टाळूला लागला तसं पोर हिसडे द्यायला लागलं. रडून नाक वाहायला लागलं, आणि एक शिंक आली ती राधाकृष्णाच्या तोंडावर. अंगणातल्या बायका दोन पावलं मागं सरल्या. साळूच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

राधाकृष्णानं तोंड पुसलं नाही. तो पोराचं डोकं धरायला बघत होता, पण डाव्या हाताच्या उरल्या बोटांत ते डोकं मावत नव्हतं, सारखं निसटत होतं. न्हाव्यानं वस्तरा वर उचलला आणि म्हणाला, "धरा कुनीतरी नीट. लागंल."

बन्सी वळला. अंगण ओलांडून आला. साळू पुढं सरकली, तिला वाटलं, आता काय करतो कोण जाणे. तो पाटासमोर उकिडवा बसला, पोराच्या नाकाखालचा शेंबूड अंगठ्यानं पुसला, अंगठा धोतराला पुसला आणि दोन्ही हातांनी लेकाचं डोकं धरलं. राधाकृष्णाच्या अर्ध्या हाताला त्याचा हात लागत होता.

"चालू कर," तो न्हाव्याला म्हणाला.